भादव्यातलं निवळ पाणी

भादव्याचं ऊन आमच्या घाटावरल्या कर्जतच्या बाजूला फसवं असतं. उन्हाळ्याचं ऊन निदान सांगूनसवरून येतं. माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून तयार असतो. भादव्यात मात्र आदल्या आठवड्यापर्यंत आभाळ भरलेलं असतं, बांधावरचं गवत गुडघ्याला लागत असतं, आणि एका सकाळी ढग निघून जातात ते परत यायचं नाव घेत नाहीत. मग ओल्या जमिनीतून वाफ निघते. बाजरीच्या कणसांवर पाखरं उतरतात. भर दुपारी लिंबाच्या बागेत शिरलं, तर पानांचा आंबट वास नाकात बसतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. पाणी कुठंच वाहत नसतं. ओढा थांबलेला, शेततळी भरलेली, वारा पडलेला. अशा दिवसांत पाणी पिकायला लागतं.

पिकणं हा शब्द माझा. मी सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा फळ्यावर शब्द वेगळे लिहिले. पण तळ्याच्या काठावर उभं राहून बघितलं की हाच शब्द सुचतो. आधी पाण्याला नुसती हिरवी झाक येते. मग वर बारीक रवा पसरल्यासारखा दिसतो. मग एका दिवशी ज्या बाजूला वारा लोटतो त्या काठाला जाड साय जमते, हिरव्या ऑइलपेंटचा डबा कुणी उपडा केल्यासारखी. वास येतो, कुजक्या गवताचा आणि शिळ्या मासळीचा. बागेत टाकलेला युरिया, शेळ्यांच्या लेंड्या, सगळं पावसानं वाहून तळ्यात आणलेलं असतं. ते खाऊन शेवाळ माजतं.

यंदाही माजलं आहे. सकाळी फिरायला जाताना मी हातात काठी ठेवते ती पायांसाठी नाही. काठी पाण्यात बुडवून वर काढायची. हिरवे लांब दोरे लोंबले, तर ते साधं शेवाळ, त्याची फार भीती नको. काठीला रंग माखल्यासारखा चिकटला, तर मात्र वस्तीवर हाक मारायची, ‘‘कुत्री बांधा गं, पाणी बिघडलंय.’’ गाय पाण्यात तोंड बुडवते आणि खालचं पाणी ओढून घेते. कुत्रं वरच्या वर चाटतं, म्हणजे नेमकी ती साय त्याच्या पोटात जाते. पाण्यात डुंबून आलं तर अंग चाटतं, मग केसांतलंही पोटात जातं. म्हणून अशा पाण्यातून बाहेर आलेल्या कुत्र्याला त्यानं अंग चाटायच्या आत बोअरच्या पाण्यानं धुवायचं. हे सगळं मी वस्त्यांवर इतक्या वेळा सांगितलंय की बायका आता माझी काठी लांबून दिसली तरी कुत्र्याला दावं लावतात.

‘‘बाईंचा कुत्र्यांवर लई जीव,’’ असं म्हणतात माझ्याबद्दल. मी आयुष्यात कुत्रं पाळलेलं नाही.

रावसाहेबानं पाळलं होतं. रावसाहेब हे नाव ऐकून कुणाला कोटटोपी घातलेला माणूस डोळ्यांपुढे येईल, पण आमच्या जिल्ह्यात गल्लीला दोन रावसाहेब निघतात. हा माझा विद्यार्थी. माझ्या घरामागे ओढा ओलांडला की त्याची लिंबाची बाग. त्याला लागून भानुदासची. भानुदासही माझाच विद्यार्थी, आणि दोघं एका बाकावरचे. एकाचं गणित चुकलं की दुसऱ्याचंही तसंच चुकलेलं असायचं, इतकी दोस्ती. मोठेपणीही ती तशीच राहिली. दोघांत एक सामाईक विहीर, मोटारीची पाळी ठरलेली, आणि पाळीवरून कधी भांडण नाही, म्हणजे आमच्याकडे हे नवलच.

रावसाहेबाच्या कुत्र्याचं नाव कोतवाल. तांबूस, एक कान कायमचा पडलेला. त्याची एक खोड होती. तो कुठलंही पाणी पीत नसे. गोठ्यातल्या हौदाशी जाऊन उभा राहायचा, गाय पिऊन बाजूला झाली की मग हा. डबक्यात तोंड घालणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यांकडे तो अशा नजरेनं बघायचा की रावसाहेबाची बायको शालन म्हणायची, ‘‘आमचं कोतवाल मागल्या जल्मी बामन हुतं.’’ मग माझ्याकडे बघून जीभ चावायची. मला हसू यायचं. संध्याकाळी मी फिरून परतले की तो ओढ्यापासून माझ्या फाटकापर्यंत मागे मागे यायचा, काही मागायचा नाही, फाटक लागलं की वळून जायचा. मला तो आवडायचा. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीचा भादवा असाच होता. रावसाहेबाचं शेततळं तेव्हा नवं होतं. शेततळं म्हणजे चारही बाजूंनी मातीचे उंच बांध घालून आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला मोठा खड्डा. कागदावरून पाय घसरतो, म्हणून आत पडणाऱ्या जनावराला चढून यायला एका कोपऱ्यात वाळूच्या गोण्या रचून पायऱ्या केलेल्या. त्या भादव्यात तळं हिरवंगार झालं. ठिबकच्या नळ्या तुंबल्या. रावसाहेब रोज फिल्टरची जाळी काढून धुवायचा, आणि रोज त्यात हिरवा गाळ.

एका सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. ‘‘बाई, ह्या शेवाळावर काय उपाय हाय का? झाडं सुकाया लागली.’’

आता मास्तरकी करणाऱ्या माणसाची एक गंमत सांगते. आमच्या घरात तीन पिढ्या शिक्षक झाले, आणि तीन पिढ्यांत ‘‘मला माहीत नाही’’ हे वाक्य कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. वर्गात एखाद्या पोरानं अडचणीचा प्रश्न विचारला की वडील म्हणायचे, ते पुढच्या वर्षी आहे. मी निवृत्त झाल्यावरही लोक विचारत राहिले, सोयाबीनवरची अळी, पोराच्या अंगावरचा पुरळ, पंचांगातलं ग्रहण, आणि मी सांगत राहिले. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. बरोबर निघत गेलं की माणसाला आपला आवाज आवडायला लागतो.

‘‘मोरचूद टाक,’’ मी म्हणाले. ‘‘तांब्याचा क्षार. शेवाळ मरतं त्यानं.’’

पुस्तकात ते होतं. खोटं नव्हतं. आणि मोरचूद काही विकत आणायला नको होतं. बागायतदाराच्या घरात ते असतंच, चुन्यात कालवून लिंबावर फवारतात. कागदावर हिशेब करून किती टाकायचं तेही मी लिहून दिलं. निळे खडे कापडात बांधून रावसाहेबानं तळ्यात फिरवले, भानुदास दुसऱ्या टोकाला दोरी धरून होता. मी बांधावर छत्री घेऊन उभी होते. ते दृश्य मला अजून स्वच्छ दिसतं. दोघं घामानं निथळत होते आणि शाळेतल्यासारखे एकमेकांना शिव्या देत हसत होते.

दोन दिवसांनी पाणी निवळलं. नुसतं निवळलं नाही, तळाचा काळा कागद दिसायला लागला, त्याच्या जोडाची शिवणसुद्धा. वास गेला. आभाळ पाण्यात दिसायला लागलं. शालननं मला बोलावून नेलं, चहा केला. ‘‘बाईंनी सांगितलं अन् काचंवानी झालं बगा पानी,’’ ती येईल त्याला दाखवत होती. मला बरं वाटलं. बरं काय, चांगलीच फुशारले मी.

त्याच्या दुसऱ्या दुपारी ऊन मरणाचं होतं. हौद गोठ्यात, आणि तळं बागेच्या मध्यावर. सगळा भादवाभर ज्या पाण्याकडे कोतवालानं ढुंकून बघितलं नव्हतं, ते आता त्याच्या पसंतीला उतरलं. गोण्यांवरून खाली गेला, पोटभर प्याला, पोहला, बाहेर येऊन सावलीत बसून अंग चाटत राहिला. शालननं बघितलं आणि तिला कौतुक वाटलं.

संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळी तो उठेना. रावसाहेबानं त्याचा ओठ वर करून दाखवला, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. मीठ-पाणी पाजलं ते बाहेर आलं. जनावरांचे डॉक्टर लांबच्या वाडीवर अडलेल्या म्हशीपाशी होते, त्यांचा फोन लागत नव्हता. मी गेले तेव्हा तो लिंबाखाली आडवा होता. मला बघून त्यानं शेपटी एकदा हलवली, मातीवर तेवढीच रेघ उठली. दुपारी तो गेला.

मी रडले नाही. घरी येऊन हात धुतले आणि भात टाकला.

रावसाहेबाच्या डोक्यात मात्र तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. आठवड्यापूर्वी कोतवालानं भानुदासच्या दोन कोंबड्या धरल्या होत्या, आणि भानुदास बांधावरून ओरडला होता, ‘‘आवर त्याला, न्हाईतर एक दिवस औषध घालीन!’’ शेतकऱ्याच्या तोंडी औषध म्हणजे फवारणीचं विष. असं रागाच्या भरात सगळेच म्हणतात. बोललेलं पाच मिनिटांत विसरतात. पण कुत्रं मेल्यावर ते वाक्य रावसाहेबाला आठवलं. कोतवालाला पुरून तो तसाच मातीच्या हातांनी भानुदासच्या अंगणात गेला. तिथं शेंगा तोडायला आलेल्या बाया होत्या, सगळ्यांदेखत त्यानं तोंड सोडलं. भानुदास आधी हसला, त्याला वाटलं दु:खानं बोलतोय. मग तो म्हणाला, ‘‘माझ्या आईची शपथ, मी न्हाई.’’ रावसाहेब म्हणाला, ‘‘तिला कशाला मधी आनतोस.’’ तिथून दोघांचं बोलणं तुटलं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, रावसाहेबाच्या गाईला इंजेक्शन द्यायला. रावसाहेब बाजाराला गेला होता. जाताना डॉक्टर माझ्याकडे पाणी प्यायला थांबले, तेव्हा मी कोतवालाचं सांगितलं. तरुण मुलगा होता, पण कान देऊन ऐकणारा.

‘‘पाणी कुठलं प्यायला होता?’’

‘‘तळ्यातलं. पण ते स्वच्छ होतं. मोरचूद टाकून शेवाळ मारलं होतं आम्ही.’’

त्यानं हातातला पेला खाली ठेवला. ‘‘बाई, ह्या जातीच्या शेवाळाच्या पोटात विष असतं. जिवंत असतं तोवर बरंचसं आतच राहतं. ते मारलं की फुटतं आणि सगळं विष एकदम पाण्यात उतरतं. रंग जातो, वास जातो, म्हणून जनावर बिनधास्त पितं. त्याचं लिव्हर गेलं असणार.’’

‘‘असणार?’’

‘‘तपासणी केल्याशिवाय नक्की नाही सांगता येत. आता पुरलंयही. पण त्यांची दुसरी एक कुत्री आहे ना, तिला दोन-तीन आठवडे बांधून ठेवायला सांगा, गुरांना तळ्याचं पाणी नको.’’

मोटारसायकलचा आवाज रस्त्याला लागून विरला तरी मी तशीच बसून होते. काच म्हणाली होती शालन. मला पाण्याच्या त्या निवळपणाची तेव्हा जी शिसारी आली, ती पुढे कधी हिरव्या सायीचीही आली नाही.

रावसाहेब परतला तशी मी गेले. त्याची दुसरी कुत्री मैना मोकळीच होती. मी म्हणाले, पाण्यात औषधाचा अंश राहिलाय, हिला बांध, गुरांना बोअरचं पाणी दे. त्यानं लगेच मैनेला दावं लावलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘म्हंजे बाई, कोतवाल त्या पान्यानं…?’’

‘‘सांगता येत नाही,’’ मी म्हणाले.

हे खरं होतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते. खऱ्याचा इतका सोयीस्कर वापर मी त्याआधी कधी केला नव्हता. रावसाहेबानं मान हलवली. ‘‘न्हाई, पान्यानं न्हाई. मोरचूद आपन हातानं कालवतो. त्यानंच घातलं.’’ मी चप्पल घातली आणि घरी आले. मैना वाचली, एवढं मी मनाशी धरलं.

मग पुढचं सगळं हळूहळू झालं, पावसाळ्यात भिंत ओल धरते तसं. विहिरीची पाळी मोडली. भानुदासनं स्वतःचं बोअर घेतलं, दोन वर्षांनी स्वतःचं शेततळं केलं. चहाच्या टपरीवर तो दिसला की कुणीतरी म्हणायचं, ‘‘भानुदास आला, कुत्री आवरा रं.’’ लोक हसायचे. आमच्या गावाला थट्टा सोडवत नाही, चारचार वर्षं तीच चघळतात. आधी भानुदास उलट शिवी हासडायचा, मग नुसता हसायचा, मग टपरीवर यायचाच बंद झाला. मला वाटेत भेटला की थांबायचा, ‘‘बरं हाय ना बाई?’’ विचारायचा. मीही त्याला पहिल्यासारखंच बोलायचे, त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी करायचे. माझ्या वागण्यात काही बदललं नाही, याचा मला अभिमानही वाटत होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

दर भादव्याला मी सांगायचं ठरवायचे. ऊन पडलं, बाजरी वाळली, तळी हिरवी झाली, की वाटायचं आता. मग हातात काठी घेऊन वस्त्या फिरायचे. हिरवं पाणी दिसलं की कुत्री बांधा, हे मी शंभर जणांना सांगितलं. निवळलेल्या पाण्याचं एकालाही सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आला असता. असा अर्धाच धडा मी चार वर्षं शिकवला, आणि त्या अर्ध्यावर लोकांनी मला देवमाणूस ठरवलं.

गेल्या आठवड्यात भानुदास माझ्या फाटकाशी आला. गाडीच्या हँडलला कॅरीबॅग होती, तिच्यातून निळे खडे दिसत होते.

‘‘बाई, माझं तळं पार हिरवं झालंय. रावसाहेबाला तुमी तवा कागद लिवून दिल्ता ना, तसा मला द्या. किती टाकू?’’

‘‘टाकू नकोस,’’ मी म्हणाले.

‘‘का वो?’’

इथे थांबता आलं असतं. चांगलं नाही रे, एवढ्यावर त्याचं समाधान झालं असतं; बाईंनी सांगितलं की झालं. पण त्याचा टायगर त्याच्या पायाशी बसला होता, धापा टाकत, जीभ बाहेर. तो पायीच गाडीमागे पळत आला होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. वर्गात सांगायचे त्याच आवाजात, दुसरा आवाज मला येत नाही.

भानुदासनं गाडी स्टँडला लावली. ‘‘म्हंजे कोतवाल तळ्याच्या पान्यानं गेला.’’

‘‘बहुतेक. हो, त्यानंच.’’

‘‘अन् तुमाला ठावं हुतं.’’

‘‘हो.’’

‘‘कवापास्नं?’’

‘‘तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.’’

त्यानं टायगरच्या मानेवर हात ठेवला, गोचीड शोधावी तसा फिरवत राहिला. ‘‘सगळं गाव म्हनायचं,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटायचं, म्हनू द्या. बाई माझ्याशी पैल्यासारखं बोलतात. बाईंचा माझ्यावर इश्वास हाय. त्येवढ्यावर रेटलं म्या.’’

मी फाटकाबाहेर आले.

‘‘चला रावसाहेबाकडं,’’ तो म्हणाला.

‘‘उद्या सकाळी जाऊ. मी स्वतः—’’

‘‘उद्या न्हाई, बाई.’’

आम्ही ओढ्यातून चालत गेलो, टायगर मागून येत होता. तो मधेच वळून आपल्या वस्तीकडे पळाला. रावसाहेब तळ्याच्या बांधावर फिल्टर उघडून बसला होता. भानुदासला आपल्या शेतात बघून तो उठून उभा राहिला, हातातली जाळी तशीच. मी बोलले. चार वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगता आलं असतं ते सांगायला मला बराच वेळ लागला, कारण आता त्यात टपरीवरची थट्टा होती, मोडलेली पाळी होती, त्या अंगणातली शपथ होती. रावसाहेब तळ्याकडे बघत होता. माझं बोलून झालं तरी तिकडेच बघत होता.

मग माझ्याकडे न वळता तो म्हणाला, ‘‘भान्या, तुझं तळं हिरवं हाय न्हवं आत्ता?’’

‘‘व्हय.’’

‘‘अन् कुत्रं?’’

‘‘आत्ता तिकडंच पळालं. मोकळंच हाय.’’

‘‘मग हितं काय करतोस, गाढवा? चल, आधी त्याला बांधू.’’

त्यानं जाळी खाली टाकली आणि झाडाखालची गाडी काढली. भानुदास मागे बसला. दोघं बागेतल्या चाकोरीनं गेले, खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा भानुदासनं त्याचा खांदा धरला. मला कुणी काही म्हणालं नाही. माझी परतीची वाट त्यांच्याच मागून जात होती. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी त्या उन्हात बांधावर उभी राहिले.